सतरा मजले खाली

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळचे दहा वाजून गेलेत. गिरगावातल्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर तुम्ही ऑफिसच्या मीटिंगला बसला आहात. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा. आतल्या खोलीत लेकीचा विद्यापीठाचा ऑनलाइन पेपर चालू आहे. पंखा मंदावत मंदावत थांबतो. वायफायचा हिरवा दिवा विझतो. लॅपटॉपवरचे चेहरे उघड्या तोंडाने गोठतात आणि थोड्या वेळाने दिसेनासे होतात.

आधी तुम्हाला वाटतं, आपल्याच घरचा फ्यूज उडाला. दार उघडून बघता तर शेजारचेही दारात उभे. लोकल जागच्या जागी थांबल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर येते आणि लगेच ग्रुपही थिजतो, कारण नेटवर्कची एकच काडी उरली आहे. खाली जनरेटर दोनदा खोकतो आणि गप्प बसतो. मार्चपासून त्याला कुणी हात लावलेला नाही. तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, ‘पाणी भरून घ्या!’ गच्चीवरच्या टाकीत असेल तेवढंच पाणी. खालून ते वर चढवणारा पंप विजेवर चालतो. सगळ्या मजल्यांवर एकदम बादल्या लागतात आणि बघता बघता नळ नुसता वारा सोडू लागतो.

बाहेरच्या वीजजाळ्यात बिघाड झाला, तर मुंबईला त्यातून वेगळं काढायचं आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालू ठेवायचं, अशी योजना १९८१ पासून आहे. तिला ‘आयलँडिंग’ म्हणतात. बाकीचा महाराष्ट्र अंधारात असताना मुंबईत दिवे का असतात, याचं एक कारण हेच. तिने हे शहर कितीदा तरी सावरलं आहे. आज ती टिकली नाही. मुंबईलासुद्धा एक जनरेटर होता म्हणायचा.

तुमच्या फोनमध्ये चौतीस टक्के बॅटरी आहे. लिफ्ट बंद. पाण्याचा रिकामा कॅन उचलून, मास्क चढवून तुम्ही जिन्याने निघता. खाली कुठेतरी पाणी मिळेलच.

तेराव्या मजल्यावर पोचता तेव्हा २०१६चा नोव्हेंबर आहे. पाचशे-हजारच्या नोटा नुकत्याच रद्द झाल्यात आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला ‘सुट्टे नाहीत’ म्हणत पहिल्यांदाच एक चौकोनी चित्र गाडीला लटकावतो आहे. त्याच्या गोणपाटाखाली अजून नाण्यांचा डबा आहे. २०२०मध्ये तो नसेल. नवव्या मजल्यावर २०१२ आहे, भिंतींना ताज्या रंगाचा वास येतो. त्याच्याखाली तुमचा टॉवर नाही; तो बांधलेलाच नाही. पुढची पायरी लाकडी आहे, मधोमध झिजलेली, आणि ती चाळीची आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्या १९९७मध्ये फार थांबू नका. नाक्यावरच्या पिवळ्या पाटीच्या बूथसमोर रात्री उशिरा रांग लागलेली दिसते, कारण तेव्हा एसटीडीचा दर उतरतो. काचेआड लाल आकडे पळताहेत आणि आतला माणूस बोलता बोलता डोळे त्या आकड्यांवर ठेवून आहे. ‘जेवलास का?’ एवढंच विचारून लोक फोन ठेवतात. चला.

दुसरा मजला, १९८३. इथे मात्र कॅन खाली ठेवा.

गॅलरीत लोखंडी पिंपं, पितळी हंडे, त्यांवर फळकुटं. ‘पाणी?’ एक काकू तुमच्या कॅनकडे बघून हसतात. ‘ते पहाटे चारला येऊन गेलं. आता उद्या.’ तरीही त्या पिंपावरचं फळकूट सरकवतात आणि लोटाभर पाणी तुमच्या कॅनमध्ये ओततात. तुम्ही कोण, कुठले, हे विचारून झाल्यावर.

तिकडे आप्पांच्या खोलीत गर्दी आहे. मजल्यावरचा एकमेव फोन त्यांचा. अर्ज केला तेव्हा त्यांचा थोरला चौथीत होता. फोन आला तेव्हा तो बी.कॉम. झाला होता. टिपॉयवर भरतकाम केलेला रुमाल, रुमालावर काळं यंत्र, आणि डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप. शेजारी वही आणि पैसे टाकायला पावडरचा डबा. या एका फोनचा नंबर तीन मजल्यांवरच्या निम्म्या बिऱ्हाडांच्या लग्नपत्रिकांवर छापला गेला आहे, पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरं लावून. ती अक्षरं म्हणजे फोन माझा नाही, पण मला हाक मारतील.

समोरच्या खोलीतल्या वहिनींनी सकाळी देवरुखचा ट्रंक कॉल लावून ठेवला आहे. अर्जंट. त्याहून घाई असती तर लाइटनिंग म्हणायचं आणि आठपट पैसे मोजायचे. आता दुपार झाली. वहिनी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडताहेत, कान घंटीकडे. सासूबाई पडल्या, एवढंच कळलं आहे.

‘आणि नाहीच लागला तर?’ तुम्ही विचारता.

‘तार केली आहे की,’ वहिनी मान वर न करता म्हणतात. ‘शिवाय रात्रीच्या देवरुख गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देणार आहेत हे. तो आमच्याच आळीतला. आणि खालचे बर्वे उद्या गावी निघालेच आहेत.’

तुम्ही मनात मोजता. फोन, तार, एसटीचा कंडक्टर, गावी निघालेला माणूस. एकाच निरोपासाठी चार वाटा, आणि त्यातली एकही बाईंना फार भरवशाची वाटत नाही. म्हणून तर चारही धरून ठेवल्यात. यंत्र बेभरवशाचं असलं की माणूस शहाणा राहतो. तुमचा फोन वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस न चुकता लागतो, आणि तुमच्या बेसावधपणाचं मूळ तिथेच आहे.

आप्पा तुम्हाला म्हणतात, ‘तुम्हाला कुठे फोन करायचा असेल तर सांगा. नंबर?’

तुम्हाला स्वतःचा नंबर येतो. लहानपणच्या घरचा लँडलाइनचा नंबरही येतो, झोपेतून उठवलं तरी. बायकोचा? नव्वद-ऐंशीने सुरू होतो. लेकीचा तर तुम्ही आयुष्यात एकदाही आकडे दाबून लावलेला नाही. तिच्या नावावर बोट ठेवलं की ती बोलते. आप्पा समजूतदारपणे मान हलवतात आणि कुणीही न विचारता डॉक्टर, वाणी, पोलीस चौकी, गॅसवाला, मेव्हण्याचं ऑफिस असे सहा-सहा आकडी नंबर घडाघडा म्हणून दाखवतात.

तेवढ्यात घंटी वाजते. आप्पा रिसीव्हर उचलून ‘देवरुख? देवरुख बोला!’ असं ओरडतात आणि वहिनींच्या हातात देतात. मग वहिनी ओरडतात. हळू बोललेलं पलीकडे ऐकूच जात नाही. सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, रत्नागिरीला हलवलं, पैशांची सोय करायला हवी, धाकट्या दिरांनी अजून एक दमडी काढलेली नाही. हे सगळं एका दमात अख्ख्या मजल्याला कळतं. ‘धाकट्या दिरांनी’ म्हणताना वहिनींनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला होता. पलीकडून आवाज आला, ‘काय? मोठ्याने बोल!’

चाळीच्या आठवणी काढून गहिवरणारे लोक हा भाग सांगत नाहीत. इथे प्रत्येक फोनला साक्षीदार आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला आलेला फोन कुणाचा, हे तिच्या आधी आप्पांना कळतं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या वडिलांना. फोनसाठी उंबरा चढायचा म्हणजे आप्पांच्या घरच्या हळदीकुंकवाला जायचं, त्यांच्या नातवाचं कौतुक करायचं, आणि त्यांच्याशी कधीच भांडायचं नाही. आपण यंत्रांवर इतका भार टाकला, त्यात आळस किती आणि माणसांवर टाकलेला भार नकोसा झाला होता ते किती, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. वहिनींना त्या दुपारी कुणी हातातला, खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बोलायचा फोन दिला असता, तर त्यांनी चारही वाटांवर पाणी सोडलं असतं. आणि त्यांचं काय चुकलं असतं?

लोटाभर पाणी घेऊन तुम्ही पुन्हा जिन्याला लागता. पहिल्या मजल्यावर दिवा नाही, विजेची तारही दिसत नाही. भिंतीला घासलेटच्या काजळीचा डाग आहे. खालून चाकाच्या करकरण्याचा आवाज येतो आहे.

चौकात पाय ठेवता तेव्हा १९१२ साल आहे. तुमचा फोन ११.२० दाखवतो. नेटवर्क नाही, तरी वेळ तो आपल्या मनाने धरून आहे. ओटीवरच्या घड्याळात मात्र १०.४१ झालेत. घाबरू नका, घड्याळ बिघडलेलं नाही. काही वर्षांपासून रेल्वे आणि तारखातं सगळ्या देशाच्या एकाच वेळेवर चालतात, आणि मुंबईकरांनी ती वेळ मानलेली नाही. त्यांचा सूर्य एकोणचाळीस मिनिटं मागे आहे आणि तो तसाच राहील, असं इथल्या नगरपालिकेचं म्हणणं. बाहेरच्या गाडीला एक वेळ आणि शहरातल्या कामाला दुसरी, अशी दोन्ही डोक्यात ठेवून लोक वावरतात. स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही काळ ही मुंबई वेळ तग धरून होती.

आणि ही विहीर. तुमच्या सोसायटीचा पंप बसवलाय ना, साधारण त्याच जागी. घडीव दगडाचा काठ, त्यावर दोराने पाडलेल्या खाचा, वर रहाट. चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पितळी तोटीचा नळ आहे. त्यात शंभरेक किलोमीटरवरच्या तानसा तलावाचं पाणी येतं, १८९२ पासून. त्याआधी विहारचं आलं होतं, १८६० साली. पंप लागत नाही. तलाव उंचावर, शहर सखल, पाणी आपलं आपण उतरत येतं. म्हणजे नळाला अर्धशतक झालं, तरी या चौकात दोन्ही नांदताहेत. नळाचं पिण्याला, विहिरीचं धुण्याला आणि देवाला.

तुम्ही कॅन काठावर ठेवून पोहरा आत सोडता. तो पाण्यावर पडतो आणि रिकामाच तरंगत राहतो. धुणं धुणाऱ्या बायका बघताहेत. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी पुढे येते, दोराला मनगटाने एक हिसका देते, पोहरा कुशीवर होतो, बुडतो, भरतो. तिने तुमच्याकडे टाकलेल्या नजरेत दया आहे.

पण कुणी हसत नाही. तुमच्या तोंडावर मास्क आहे. प्लेगच्या काळापासून या वस्तीला सरकारी माणसांचा जो अनुभव आहे, त्यामुळे सगळ्यांनी तुम्हाला म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्यातले समजून टाकलं आहे. घरमालक पगडी सावरत लगबगीने येतात.

‘या साहेब. आपल्या इन्स्पेक्टरांनी नोटीस देऊन आठ दिवस झाले. मी तेच म्हणत होतो, कुणी वरचा माणूस आला तर विचारावं.’

नोटीस विहीर बंद करण्याची आहे. बेंटली नावाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या हिवतापाचा तपास करून नुकताच अहवाल दिला आहे. त्यांना असं दिसलं की इथे हिवताप दलदलीतून येत नाही, घराघरातल्या विहिरींतून येतो. या स्वच्छ, सावलीतल्या पाण्यावरच तो डास अंडी घालतो. इन्स्पेक्टरांनी परवा पांढऱ्या वाडग्यात पाणी काढून सगळ्यांना अळ्या दाखवल्या. ओटीवर दोन गोधड्यांखाली एक पोरगा कुडकुडतो आहे. त्याच्या उशाशी कोयनेलच्या पुड्या आहेत. गेल्या पावसाळ्यात याच चौकातलं एक मूल गेलं.

‘विहीर बुजवायची म्हणे,’ आलवणातल्या एक आजी तुमच्याकडे न बघता बोलतात. विटाळ नको म्हणून त्या चार हात लांब उभ्या आहेत. ‘आणि देवाला पाणी कुठलं घालू? त्या नळात चामडं असतं मेलं.’

तोटीतल्या वायसरबद्दल बोलताहेत त्या. घरमालक ओशाळं हसतात. पण आजींचा दुसरा प्रश्न सोवळ्याचा नाही. ‘आणि नळ गेला म्हणजे? गेल्या चैत्रात दोन दिवस टिपूस नव्हता. सगळी आळी इथेच होती रांगेत. तेव्हा कुठे होते रे तुमचे इन्स्पेक्टर?’

याचं उत्तर तुमच्याकडे आहे. तुम्ही सतराव्या मजल्यावरून आला आहात. पण ते कुठून सुरू करणार? तानसा अजूनही आटलेला नाही, हे खरंच सांगायचं. पाणी आजही तुमच्या दारापर्यंत येतं. अडतं ते शेवटच्या पन्नास मीटरांत, उभ्या चढावर, कारण तिथे वीज लागते. ती वीज कुठल्या खांबांवरून येते हे तुम्हाला माहीत नाही, आणि तिच्यासाठी राखून ठेवलेली वाट ज्या दिवशी हवी त्याच दिवशी टिकली नाही. हे सगळं या बाईला सांगायचं, ओटीवर पोर कुडकुडत असताना?

साधन वापरायला लागलो म्हणून कुणी त्याच्या आहारी जात नाही. या चौकात बावन्न वर्षं नळ आहे आणि कुणी नळाचं गुलाम झालेलं नाही. खरी तारीख वेगळी असते. जुनी वाट मोडली जाते ती तारीख. भाजीवाल्याचा नाण्यांचा डबा घरी राहतो ती, नाक्यावरचा बूथ पाडून तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान येतं ती, तुमच्या जनरेटरच्या देखभालीची रक्कम सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजवून कापली जाते ती. असल्या तारखा कुणी लिहून ठेवत नाही. आणि प्रत्येक वेळी मोडणाऱ्यापाशी चांगलं कारण असतं. इथल्यासारखं तापाने फणफणलेलं.

या गोष्टीकडे नीट बघणारा एक माणूस मात्र लवकरच या देशात येणार आहे. पॅट्रिक गेडीस, स्कॉटलंडचा नगररचनाकार. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला तो बसेल. १९१५मध्ये मद्रास इलाख्यातल्या गावांची पाहणी करताना तो बजावेल की नळ आले म्हणून विहिरी टाकून देऊ नका; पाणीपुरवठ्याची कुठलीही व्यवस्था कधी ना कधी बिघडतेच, आणि या विहिरी म्हणजे पूर्वजांनी तुमच्या नावे उतरवून ठेवलेला आयुष्याचा विमा आहे. डास होतात? मग डासांचा बंदोबस्त करा, विहीर राखा. मुंबईने तोवर बरंच काही बुजवलेलं असेल. गवालिया टँक, धोबी तलाव, सी. पी. टँक ही नावं बसच्या पाट्यांवर राहिली. त्यांच्या खालचं पाणी गेलं. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर राहिली, १७२५ सालची, कारण तिच्यामागे पारश्यांची श्रद्धा उभी होती. सोवळ्याची कुचेष्टा करण्याआधी हेही लक्षात ठेवावं: उपयोगाच्या नावाने जे वाचलं नसतं, ते कधी कधी देवाच्या नावाने वाचतं. आजही दक्षिण मुंबईतल्या काही विहिरींवर टँकर भरले जातात, आणि ते पाणी विकत घेणारे टॉवरवालेच असतात.

‘साहेब, काय करावं?’ घरमालक विचारतात.

तुम्ही मास्क जरा खाली ओढता. साहेब झालाच आहात, तर निदान शहाणपणाचं बोलावं. ‘बुजवू नका. कायद्यात दुसरी सोय आहे. वर घट्ट आच्छादन घाला, डास शिरणार नाही असं. मधे एक झडप ठेवा. हातपंप बसवा. ताप जाईल आणि पाणीही राहील.’

आजी पहिल्यांदाच तुमच्याकडे थेट बघतात.

‘खर्च?’ घरमालक विचारतात.

आच्छादन, झडप, पंप, नळी. दर पावसाळ्याआधी डागडुजी, नाहीतर फटीतून डास शिरणारच. तुम्ही आकडा सांगत नाही, पण त्यांचा चेहरा तो स्वतःच काढतो. ‘आणि हे सगळं कशासाठी? चैत्रातल्या दोन दिवसांसाठी?’

‘हो. त्याच दोन दिवसांसाठी.’

ते मान हलवतात. नाही म्हणत नाहीत. साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणणार? विहिरीच्या काठापासून मागच्या भिंतीपर्यंत ते पावलं टाकत जातात, परत येतात, मग आडवी मोजतात. ओठ हलताहेत.

‘दोन खोल्या निघतील,’ ते म्हणतात. ‘मागे मोरी दिली तर तीन. नळ जवळच आहे, तेव्हा भाडं बरं येईल.’ मग आवाज उतरवून, तुमच्या जवळ सरकत: ‘साहेब, तुमची तिकडे ओळख असेल म्हणून विचारतो. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टवाले रस्त्यासाठी घरं पाडताहेत ना, तो राडारोडा फुकट उचलू देतात का?’